तिला बाहेरच बरं वाटतं

माझ्या हातातली थाळी मॅनेजरनं काढून घेतली.

भरलेली थाळी. पांढरी, चिनी मातीची, कडेला सोनेरी रेघ. भात, पनीर, एक पुरी. मी एक घाससुद्धा घेतला नव्हता. हॉलमध्ये पुष्कळ माणसं जेवत होती. नागपूरचे डॉक्टर, रायपूरचे कारखानेवाले, गोंदियाचे राइसमिलवाले, त्यांच्या बायका. सगळ्यांसमोर त्यानं थाळी ओढली. बाजूची कागदी प्लेट घेतली. माझ्या थाळीतलं अन्न तिच्यात उलटं केलं. पनीर खाली, त्यावर भात, त्यावर पुरी.

"बाहर बैठ के खा," तो म्हणाला.

ओरडला नाही. नळ बंद कर म्हणावं, तसं म्हणाला.

माझ्या बाजूला परदेशी बाई उभी होती. तिनंच मला हाताला धरून आत आणलं होतं. थाळी तिनंच माझ्या हातात दिली होती. तिला काही समजेना. ती शेठकडे पाहायला लागली. शेठ म्हणजे या रिसॉर्टचे मालक. ते हसले, आणि तिला इंग्रजीत म्हणाले, "शी इज कम्फर्टेबल आउटसाइड."

मी बारावी शिकली आहे. कम्फर्टेबल मला कळतं.

लोकांना वाटतं, अशा वेळी माणूस प्लेट तोंडावर फेकतो. मी फेकली नाही. प्लेट घेऊन बाहेर गेली. जनरेटरच्या खोलीमागं आम्हा ग्राउंडवरच्या बायांची बसायची जागा होती. तिथं बसली आणि खाल्लं. पहाटेपासून उभी होती. भूक लागली होती. मोठ्या काचेतून आतलं सगळं दिसत होतं. परदेशी बाईनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग तिनं काटा उचलला आणि ती जेवायला लागली.

पुरी गार झाली होती. पूर्ण खाल्ली मी.

आमचं गाव गोंदिया जिल्ह्यात, सौंदडजवळ. रिसॉर्ट सडक अर्जुनीकडे, हायवे सोडून आत. पंधरा वर्षांपूर्वी तिथं धानाच्या बांध्या होत्या, पाणी धरून ठेवणारी भाताची शेतं. माझी आई तिथं रोवणीला जायची. लग्नाआधी मीही गेली आहे. चिखलात वाकून दिवसभर रोपं लावायची, संध्याकाळी कंबर सरळ होत नाही. मग शेठनं एकेक करत बांध्या घेतल्या. वाघ पाहायला येणाऱ्या लोकांसाठी खोल्या बांधल्या. त्याच्या मागं गोल्फचं मैदान. नऊ होलचं.

गवत लावायला त्यांना बाया पाहिजे होत्या. पुण्याचा एक साहेब आला, गवताचा तज्ज्ञ. त्यानं आम्हाला रांगेत वाकवून गवताच्या काड्या लावायला शिकवलं. आम्ही हसलो. रोवणीच ती. आणि गवत कोणतं? हरळी. धुऱ्यावरची, शेताच्या बांधावरची हरळी उपटता उपटता आमच्या आयांची बोटं सोलली, आणि इथं तीच लावायची, तिला खत घालायचं, तिच्यात दुसरं गवत आलं तर तेच उपटायचं.

बाकीच्या बाया रोजंदारीवर राहिल्या. मला साहेबानं मशीन शिकवली. होलच्या भोवती जे अगदी बारीक कापलेलं गवत असतं, सतरंजीसारखं, त्याला ग्रीन म्हणतात. ते रोज कापावं लागतं, चार मिलिमीटरवर. जास्त कापलं तर उन्हानं करपतं, कमी कापलं तर बॉल अडतो. पुण्याचा साहेब दोन महिन्यांतून एकदा यायचा. रोजचं माझ्या हातात होतं. पाच वर्षं. मेच्या उन्हात, जेव्हा इथं माती फाटते, तेव्हाही माझे नऊच्या नऊ ग्रीन हिरवे होते.

आणि पाच वर्षं मी जनरेटरमागं जेवत होती. तिथं सावली होती. बाया होत्या, गप्पा होत्या. साथीच्या काळात आमचे चहाचे कप वेगळे केले. बुडाला लाल पेंटचा ठिपका. साथ गेली. ठिपका राहिला. कोणी विचारलं नाही, मीही नाही. कौतिकामावशी म्हणून एक म्हातारी बाई आमच्यात होती. घरची थोडी शेती, पण हातात काही उरत नाही म्हणून कामाला येणारी. माझ्यावर जीव होता तिचा. पण डबा उघडताना ती माझ्यापासून दोन हात सरकून बसायची. आम्ही बौद्ध. आजोबा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले होते. मावशी माझी विचारपूस करायची, पोराला बोरं आणायची, आणि सरकून बसायची. म्हणजे बाहेरच्यांतही आणखी एक बाहेर होतं. त्यात मी होती.

शेठ खोटं बोलले नव्हते. मला खरंच तिथं बरं वाटत होतं. हेच मला नंतर सगळ्यात जास्त लागलं.

मैदानावर खेळ शिकवायला एक म्हातारे कोच होते. नागपूरचे. सगळे त्यांना सर म्हणायचे. त्यांच्याजवळ फोटोंचं एक जाड पुस्तक होतं, जगातल्या मोठमोठ्या स्पर्धांचं. दुपारी मशीन थंड होईपर्यंत मी त्यांच्या शेडमध्ये बसायची आणि ते पानं उलटून सांगायचे. स्कॉटलंडमध्ये समुद्राच्या काठी वाळूत उगवलेल्या गवतावर हा खेळ सुरू झाला. सगळ्यात जुनी स्पर्धा तिकडचीच. जिंकणाऱ्याला चांदीची सुरई देतात, त्याच दिवशी तिच्यावर त्याचं नाव कोरतात. अमेरिकेत एक स्पर्धा आहे, तिथं जिंकणाऱ्याला हिरवा कोट घालतात. तिथलं गवत मी बोट लावून लावून पाहिलं. एक काडी वर-खाली नाही. हजारो माणसं उभी आणि एकाचाही आवाज नाही. एवढ्याशा पांढऱ्या बॉलसाठी.

सर म्हणायचे, "या खेळात अंपायर मागं-मागं फिरत नाही पोरी. खेळणाऱ्याच्या हातून चूक झाली, बॉल चुकून हलला, कोणी पाहिलंही नाही, तरी त्याले स्वतः सांगावं लागते. मोठमोठ्या खेळाडूंनी असं सांगून हातची स्पर्धा घालवली आहे."

मला तो खेळ आवडायला लागला. हे मी लाजून सांगत नाही. जगात कुठं तरी असं असतं, की कोणी पाहत नसतानाही माणूस आपली चूक कबूल करतो, हे मला फार मोठं वाटायचं.

पण सर सगळंच सांगायचे. अमेरिकेत एका मोठ्या क्लबात कित्येक वर्षं खेळणारे सगळे गोरे आणि त्यांच्या काठ्यांच्या पिशव्या उचलणारे सगळे काळे. नियमच तसा होता. आणि एक गोष्ट दक्षिण आफ्रिकेतली. भारतातून तिकडे गेलेल्या लोकांच्या वंशातला एक गरीब माणूस. पिशव्या उचलता उचलता खेळ शिकला. गोऱ्यांच्या स्पर्धेत उतरला आणि गोऱ्यांना हरवून जिंकला. बक्षीस द्यायची वेळ आली. बाहेर पाऊस. गोरे सगळे क्लबच्या इमारतीत, आणि या माणसाला आत यायला बंदी. मग त्याला बक्षीस बाहेर दिलं. पावसात.

मी विचारलं, "त्यानं घेतलं?"

"घेतलं," सर म्हणाले.

"काऊन घेतलं?"

सरांनी पुस्तक मिटलं. "जिंकला होता ना तो," ते म्हणाले.

परदेशी बाई येणार म्हणून महिनाभर धावपळ होती. तरुणपणी ती मोठ्या स्पर्धा खेळली होती, देशोदेशी. आता नव्या मैदानांची पाहणी करायची. तिला मैदान पसंत पडलं तर पुढच्या हिवाळ्यात बाहेरच्या देशांतले खेळाडू इथं येणार, टीव्हीवर दाखवणार, असं शेठ सगळ्यांना सांगत होते. आम्हाला नवीन टोप्या आणि टी-शर्ट दिले. मॅनेजरनं सांगून ठेवलं, "मॅडम येईल तवा ग्रीनवर कोणी दिसू नका. झाडामागं राहा."

ती सकाळी आली. साठीची असेल. उंच, उन्हानं रापलेली. तिच्या मागं शेठ, पाहुणे, पुण्याचा साहेब, सर. मी सहाव्या ग्रीनच्या मागं मोहाच्या झाडाजवळ होती. तिनं बॉल मारला. होलच्या डावीकडून गेला. परत मारला. परत डावीकडून. तिनं गुडघ्यावर बसून जमीन पाहिली. सपाट दिसते ती. सगळेच फसतात तिथं. तिनं पुण्याच्या साहेबाला विचारलं. तो म्हणाला, मशीनच्या कापणीमुळं असेल. तेव्हा सरांनी झाडाकडे बोट केलं. "कापणारी ती आहे. तिला विचारा."

मॅनेजरचा चेहरा मी पाहिला. पण तिनं हात करून मला बोलावलं होतं. मी गेली.

ती जागा म्हणजे जुन्या बांधीचा कोपरा. खाली बोडी आहे, छोटा तलाव. बांधीतलं पाणी फोडलं की ते बोडीकडेच धावायचं, हे मला आईबरोबर रोवणीला जात होती तेव्हापासून माहीत. वरून माती टाकली, रोलर फिरवला, तरी जमिनीच्या पोटातला उतार जात नाही. मी बोट ठेवून दाखवलं. होलकडे नाही, होलच्या उजवीकडे, चार बोटं. "इकडून. आन् हळू."

सरांनी इंग्रजीत सांगितलं. तिनं मारला. बॉल सरळ गेला, मग अगदी शेवटी वळला, आणि आत पडला. टक्.

ती मोठ्यानं हसली. माझे दोन्ही हात तिनं हातात घेतले. माझ्या बोटांना डिझेलचा वास होता, तिनं सोडले नाहीत. म्हणाली, जेवायला माझ्यासोबत चल. सरांनी सांगितलं तेव्हा मी नको म्हटलं. तिनं ऐकलं नाही.

तशी मी काचेच्या आत गेली होती. आपल्या मनानं नाही.

जेवणानंतर लॉनवर कार्यक्रम होता. खुर्च्या, माइक. आम्हा बायांना नव्या टोप्या घालून मागं रांगेत उभं केलं, हातात एकेक झेंडा. शेठ बोलायला उठले. हिंदीत बोलले, मध्ये मध्ये इंग्रजी. या खेळाचा इतिहास, त्याची शान. स्कॉटलंड, चांदीची सुरई, हिरवा कोट. मग म्हणाले, "यह खेल ईमान का है. कोई देखे ना देखे, अपनी गलती खुद बतानी पड़ती है."

टाळ्या वाजल्या.

मी रांगेत उभी होती. हातात झेंडा. माझ्या पोटात ती गार पुरी होती. आणि मला एकदम कळलं की इथल्या चाळीस माणसांनी थाळी काढताना पाहिली आहे. चाळीसच्या चाळीस. आणि कोणीच काही सांगणार नाही. मीही नाही. मी घरी जाईन, उद्या परत येईन, जनरेटरमागं बसेन. लाल ठिपक्याच्या कपात चहा पिईन. मग माझी सून-मुलगी कोणी कामाला लागली तर तीही तिथंच बसेल. आणि शेठ कोणाला तरी सांगतील, यांना बाहेरच बरं वाटतं. त्या माणसानं पावसात बक्षीस घेतलं. त्याची मजबुरी त्याला माहीत. मी तर जेवणही घेतलं होतं, आणि संपवलं होतं.

मी झेंडा गवतात रोवला. टोपी काढली. खुर्च्यांच्या मधून पुढं गेली. कोणाला वाटलं असेल, हार द्यायला आली. परदेशी बाई हसली. मी तिच्यासमोर उभी राहिली आणि शाळेत कविता म्हणायची तसं, एकेक शब्द सुटा करून म्हणाली,

"मॅडम. आय ॲम नॉट कम्फर्टेबल आउटसाइड."

बाजूला शेठच्या हातातला माइक चालू होता. सगळ्यांनी ऐकलं.

मग मी शेठकडे वळली. इंग्रजी संपली होती माझी. "माह्या हातची थाली तुमच्या मॅनेजरनं काढून घेतली. तुम्ही पाहिलं. तुमचा खेळ म्हणते ना, चूक आपली आपण सांगा लागते. सांगा."

शेठनं मॅनेजरकडे पाहिलं. मॅनेजर धावत आला, माझा दंड धरला. "पागल झाली काय तू? चल."

"हात सोड," मी म्हणाली. त्यानं सोडला. पाहुणे होते ना.

परदेशी बाईचा चेहरा लाल झाला होता. ती "सॉरी" म्हणाली. दोनदा म्हणाली. मग कोणी तरी तिच्या कानात बोललं, विमानाची वेळ झाली. ती गाडीत बसून नागपूरला गेली. सॉरीच्या पुढं काही नव्हतं तिच्याजवळ. मी रांगेकडे पाहिलं. कौतिकामावशी झेंडा घट्ट धरून जमिनीकडे पाहत होती. एकही बाई रांगेतून हलली नाही.

दुसऱ्या दिवशी गेटवरच्या चौकीदारानं मला आत घेतलं नाही.

माझा नवरा हायवेवर टायरच्या दुकानात पंक्चर काढतो. तो चिडला. "तुले काय गरज होती? चांगलं काम होतं. थाली नेली त नेली, अन्न त दिलं ना?" दोन दिवस आम्ही बोललो नाही.

ठाण्यात गेली. हवालदारानं पूर्ण ऐकलं. चांगला वागला. मग विचारलं, "जातीचं नाव घेतलं काय त्यानं?"

"नाही."

"मंग काय लिहू?"

"थाली काढून घेतली, ते लिहा."

"थाली काढाचं कलम नाही बाई." त्यानं पेन खाली ठेवलं. "कोणी साक्षीदार आहे?"

चाळीस होते. मी सरांकडे गेली. त्यांच्या शेडमध्ये नाही, सडक अर्जुनीच्या त्यांच्या खोलीवर. म्हटलं, सर, तुम्ही पाहिलं. लिहून द्या. सरांनी चष्मा काढून पुसला. "माझं वय झालं पोरी. आता कोण ठेवते मले दुसरीकडे?" एवढंच म्हणाले. ज्या माणसानं मला पावसातली गोष्ट सांगितली, त्याच माणसानं. त्यांच्यावर माझा राग नाही, असं मी नवऱ्याला सांगितलं होतं. खोटं आहे ते. आहे राग.

मावशीकडेही गेली. तिनं दारात बसवलं, मुरमुरे दिले. "मी काही पाहिलंच नाही माय. मी त मागं होतो." खरंच होतं. ती मागंच होती.

मग मी एकटीनंच अर्ज लिहिला. चार पानं. लाल ठिपके कधी लावले, कोण कुठं बसायचं, थाळीत काय होतं, कोण काय म्हणालं. ठाण्यानं घेतला नाही. पोस्टानं पाठवला, परत आला. मग बसनं गोंदियाला गेली, जिल्ह्याच्या कचेरीत दिला. शिक्का मारलेली पोच मागितली. बाबू म्हणाला, "रख के जाओ." मी म्हणाली, "शिक्का मारल्याशिवाय हलत नाही." तीन तास बाकावर बसली. त्यानं शिक्का मारला.

पोच मिळाली त्याच्या आठव्या दिवशी मॅनेजर आमच्या वस्तीत आला. गाडी रस्त्यावर ठेवली, चालत आला. दुपारची वेळ, नवरा जेवायला घरी होता. मी खुर्ची दिली. मॅनेजर बसला, आणि हसत बोलला. मराठीत, तुम्ही-तुम्ही करून.

"मॅडमचा रिपोर्ट आला. त्यांनी लिहिलं की ग्रीन एक नंबर आहेत. आता सहावा न् आठवा पिवळे पडून राहिले. पुण्याच्या साहेबाले काही समजत नाही. शेठ म्हणाले, बाईले घेऊन या. सुपरवायझर करतो तुम्हाला." मग त्यानं खिशातून कागद काढला. "इथं फक्त सही करा."

टाइप केलेला होता. मी माझ्या इच्छेनं बाहेर जेवायला गेले. गैरसमजातून तक्रार केली. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.

"सुपरवायझर कुठं जेवते?" मी विचारलं.

त्यानं पेन पुढं केलं.

"आत की बाहेर?"

"ते... स्टाफचा नियम आहे ना बाई. एकीसाठी कसा बदलू?"

"एकीसाठी नोको. सगळ्या बायांसाठी बदला. आत टेबल टाका. कप एकच ठेवा. आन् शेठनं माइकवर सांगावं, थाली काढली ते चुकलं. मंग मी येते."

"असं कुठं होते का?"

मी कागद त्याच्या हातात परत दिला. फाडला नाही. त्याचाच होता, त्यालाच दिला.

तेवढ्यात नवरा आतून आला. त्याच्या हातात पाण्याचा ग्लास होता. मी सांगितलं नव्हतं त्याला. तो मॅनेजरसमोर ग्लास धरून उभा राहिला.

"नोको, नोको," मॅनेजर म्हणाला. "आत्ताच हॉटेलात चहा घेतला."

"पानी आहे," नवरा म्हणाला. "चहा नाही."

ऊन कडक होतं. मॅनेजरच्या कपाळावरून घाम गळत होता. तो ग्लासकडे पाहत होता. मी अर्जाची झेरॉक्स, एक कोरा कागद आणि पेन आणलं, आणि ओट्यावर बसली.

"घ्या साहेब," मी म्हणाली. "नाही घेतलं तर तेही लिहिते. तारीख, वेळ, साक्षीला माझा नवरा."

त्यानं ग्लास घेतला. मान मागं टाकली, ग्लास ओठांपासून वीतभर वर धरला आणि वरून धार सोडली. दोन घोट. अर्धं पाणी शर्टावर सांडलं. ग्लास त्यानं ओट्याच्या कडेला ठेवला, आणि गेला.

मी लिहिलं. ग्लासाला ओठ लावला नाही.

नवरा बाजूला बसला. मी लिहिलेलं त्यानं वाचलं. मग म्हणाला, "खाली माही सही घे."

घेतली. पाचवं पान झालं. सोमवारी ते घेऊन परत गोंदियाला जाते. त्यांनी हे दाबलं तर नागपूरला जाईन. तिथंही कलम नाही म्हणाले, तर कलम कोण लिहितं ते शोधीन, आणि त्याच्या दारात बसेन. ग्रीन सगळे वाळले तरी चालतील. सही मी करणार नाही.